उरल्यासुरल्या फळ्यांचे फडताळ

आमच्या आजीच्या घरी कपाट नव्हते, फडताळ होते. अर्धे भिंतीत रुतलेले, दोन झडपांचे. त्यात गुळाची ढेप, लोणच्याच्या बरण्या, पंचांग आणि औषधाच्या पुड्या एकत्र नांदत. पुढे लोखंडी कपाटे आली, मग प्लास्टिकची आली आणि फडताळ हा शब्दच आपण माळ्यावर टाकून दिला. आज तो खाली काढायचा आहे. कारण एक लहानसे, रंगवलेले फडताळ घरच्या घरी कसे करावे, तेही विकतचे लाकूड न आणता, हे मी तुम्हांला सांगणार आहे.

आधीच सांगतो, मी सुतार नव्हे. कॉलेजात शिकवतो आणि हातात बहुधा खडू असतो. नाशिकला इंदिरानगरात माझे घर आहे. तिथून अंबडची औद्योगिक वसाहत सायकलने जाण्याच्या अंतरावर. कारखान्यांत यंत्रे येतात, सुटे भाग येतात, ते लाकडी खोक्यांत नाहीतर चौकटींवर ठेवलेले असतात. यंत्र आत जाते, खोका बाहेर पडतो. मग तो भंगारवाल्याकडे जातो, नाहीतर थंडीत पहारेकऱ्याच्या शेकोटीत. असा फळ्यांचा ढीग मी रोज जाता-येता पाहत होतो, पण त्याच्याकडे नीट बघितले ते माझ्या मावसबहिणीचा फोन आल्यावर.

ती पेठ तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळेत गोष्टींची पुस्तके आली होती, पण ठेवायला जागा नव्हती म्हणून ती गोणीत बांधून कोपऱ्यात ठेवलेली. सुट्टीनंतर गोणी उघडली तर उंदरांनी आत घर केलेले. ती म्हणाली, “दादा, एक छोटंसं कपाट करून देशील का? मोठं नको. पहिलीच्या पोराला स्वतःच्या हातानं पुस्तक काढता आलं पाहिजे, एवढंच.” मी हो म्हणून बसलो, आणि मग आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी माझा नकाशा पाहिला. कागदावर मी सुरेख फडताळ काढले होते, मापेही लिहिली होती. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. “सर, विकतचं लाकूड आणणार असाल तर आधी नकाशा. उरलेलं आणणार असाल तर आधी फळ्या. कुठल्या मिळतात ते बघू, मग कपाट केवढं होतं ते ठरवू.” या वाक्याने माझे निम्मे काम वाचवले. फुकटच्या लाकडाची किंमत पैशात नसते. ते नीट पाहण्यात, निवडण्यात आणि पुष्कळ वेळा नाकारण्यात ती मोजावी लागते.

तसा हा उद्योग काही नवा नाही. लुईझ ब्रिगम नावाच्या एका अमेरिकन बाई उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावर, कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत जाऊन राहिल्या होत्या. तिथे झाड म्हणून उगवत नाही. लाकूड म्हणजे बोटीतून सामानाबरोबर आलेली खोकी. त्यांनी त्याच खोक्यांतून घरातले सामान केले, आणि १९०९ साली ‘बॉक्स फर्निचर’ हे पुस्तक लिहिले. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्या मुलांना हेच काम शिकवीत. आपल्याकडेही देवदारी पेटीची मांडणी किंवा आंब्याच्या पेटीचा देव्हारा ज्याने पाहिला नाही असा माणूस विरळा.

तेव्हा आता ढिगाकडे चला. पहिला नियम असा की विचारल्याशिवाय फळी उचलायची नाही. कारखान्याच्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत: खोक्यात काय आले होते, आणि त्यावर काय सांडले होते? फळी नाकाला लावून पाहावी. तेलाचा, औषधाचा किंवा ॲसिडचा वास आला तर ती तिथेच ठेवावी. डाग पडलेली फळी रंध्याने साफ होईल असे वाटते, पण लाकूड टिपकागदासारखे असते. वरचे गेले तरी आतले राहते.

दुसरी खूण पाहावी ती शिक्क्याची. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी खोक्यांवर एक चौकोनी शिक्का भाजलेला किंवा उमटवलेला असतो. त्यात एका बाजूला गव्हाच्या ओंबीसारखे चित्र आणि शेजारी काही इंग्रजी अक्षरे. हा आंतरराष्ट्रीय नियम २००२ साली ठरला. लाकडातून एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. पहिली दोन अक्षरे देशाची असतात. भारताची ‘आय’ आणि ‘एन’. नंतर आकडा, आणि शेवटी उपचाराची अक्षरे. ‘एच’ आणि ‘टी’ असतील तर ते लाकूड तापवलेले आहे: फळीच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे दिलेली. हे आपल्या कामाचे. ‘एम’ आणि ‘बी’ असतील तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. हा वायू बराचसा उडून जातो हे खरे, पण मुलांच्या वस्तूला मी असले लाकूड घेत नाही. ढिगात दुसरे लाकूड असताना तेच कशाला?

एवढे पाहून मी अकरा फळ्या आणल्या. पाइनच्या, मीटरभर लांब, अकरा सेंटिमीटर रुंद. मिस्त्रींनी त्यांतल्या तीन परत पाठवल्या. एकीला आरपार गाठ होती, एक पिळलेली होती आणि तिसरीत बारीक छिद्रे होती, त्यांतून पिठासारखा भुसा गळत होता. “ही पाहुणी घरात घेतली तर घरातलं सागवानसुद्धा खाईल,” असे ते म्हणाले. मला वाटते त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फळी परत गेली ती गेलीच.

खिळे काढणे हे सगळ्यांत कंटाळवाणे काम. खोक्याचे खिळे अंगावर वळ्या असलेले असतात. ओढले की फळीच चिरते. म्हणून दोन फळ्यांच्या फटीत आरीचे पाते घालून खिळा कापावा, आणि राहिलेला तुकडा मागून ठोकून काढावा. मग जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक फळीवरून फिरवावे. एक मोडका खिळा आत राहिला तर रंध्याच्या पात्याला खाच पडते, आणि ती काढण्यात एक संध्याकाळ जाते. ही माझी माहिती ऐकीव नाही.

आता माप. मोठ्या आकाराचे गोष्टींचे पुस्तक धरा २१ सेंटिमीटर रुंद आणि ३० उंच. तेव्हा फडताळाची खोली २१, आणि दोन खणांची उंची ३२-३२. रंधून झाल्यावर फळीची जाडी १.६ आणि रुंदी साडेदहा राहिली. म्हणजे दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या की नेमके २१. बाजूच्या फळ्या ७१ सेंटिमीटर उंच: दोन खणांचे ६४, तीन आडव्या फळ्यांच्या जाडीचे ४.८ आणि खालच्या पट्टीचे २.२. आडव्या फळ्या ४८ लांब. मीटरच्या एका फळीतून ४८ चे दोन तुकडे निघतात. आता सांगा, एकंदर फळ्या किती लागतील?

शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब फळ्यावर घालून पाहावा. बाजूंना चार, आडव्यांना तीन, म्हणजे सात. बाजूंच्या प्रत्येक फळीतून २९ सेंटिमीटरचा तुकडा उरतो. तसल्या दोन तुकड्यांच्या उभ्या चिरून सहा पट्ट्या होतात, आणि आतल्या आधाराला सहाच पट्ट्या हव्या असतात. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना आखली. तिच्यावर पुढे वाद पुष्कळ झाले. पण माझ्या भाच्याला वजाबाकीतला हातचा जो पुस्तकात कळत नव्हता तो करवतीने खाल्लेल्या दोन मिलिमीटरांत कळला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

यापुढची गोष्ट मात्र जरा सावकाश वाचा, कारण घरी केलेली बहुतेक कपाटे इथेच फसतात. लाकूड झाड तोडल्यावरही हलायचे थांबत नाही. हवेतला ओलावा पिऊन ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. मात्र लांबीत ते जवळजवळ बदलतच नाही. बदलते ते रुंदीत, रेषांना आडवे. २१ सेंटिमीटर रुंदीची पाइनची फळी कडक उन्हाळा आणि भर पावसाळा यांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होते. नाशिकच्या मे महिन्यातली कोरडी हवा आणि पेठचा जुलैतला पाऊस यांत तर फार अंतर. मी फडताळ करीत होतो मे महिन्यात, आणि ते राहणार होते पेठला.

आता गंमत पाहा. बाजूची फळी उभ्या रेषांची आणि खणाची फळी आडव्या रेषांची, तरी दोघींची रुंदी म्हणजे फडताळाची खोलीच. दोघी एकाच दिशेने फुगतात, एकाच दिशेने आकसतात. त्यामुळे त्यांचे भांडण होत नाही. भांडण लावते ती आधाराची पट्टी. ती बाजूच्या फळीवर आडवी बसते, म्हणजे पट्टीची लांबी फळीच्या रुंदीवर. फळी हलते, पट्टी हलत नाही. दोन्ही टोकांना स्क्रू घट्ट आवळले किंवा सगळी पट्टी चिकटवून टाकली, तर दोन पावसाळ्यांत फळी मधोमध तडकणार. मिस्त्रींचा उपाय साधा आहे: दर्शनी बाजूचा स्क्रू घट्ट, मागच्या बाजूच्या स्क्रूसाठी पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट भोक. फळी फुगली की स्क्रू त्या भोकात सरकतो. पट्टीला सरस किंवा फेव्हिकॉल लावायचा नाही; तो फक्त दोन फळ्यांच्या कडा जोडायला.

पाठीला आणि झडपेच्या मध्यभागी चार मिलिमीटरचे प्लायवूड घेतले. एका फर्निचरवाल्याकडे पडलेले तुकडे होते. प्लायवूडमध्ये पातळ थर एक उभा, एक आडवा असे चिकटवलेले असतात. प्रत्येक थर दुसऱ्याला धरून ठेवतो म्हणून ते फारसे हलत नाही. झडपेला पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्यांची चौकट केली, आतल्या खाचेत प्लायवूड सुटेच बसवले, आणि झडप व बाजू यांच्यात तीन मिलिमीटरची फट ठेवली. ती फट मला विद्रूप वाटत होती. मिस्त्री म्हणाले, “जुलैत बघा.”

खिळा ठोकताना फळीचे टोक फाटू नये यासाठी एक युक्ती सांगतो. खिळा दगडावर उलटा धरून त्याच्या टोकावर हातोडीची हलकी टिचकी मारावी, म्हणजे टोक बोथट होते. अणकुचीदार खिळा पाचरीसारखा रेषा फाकवतो. बोथट खिळा रेषा चिरडत आत जातो, फाडत नाही.

आता रंगाकडे येतो, आणि इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे.

फळ्या फुकट मिळाल्या तसा रंगही फुकट मिळाला. एका ओळखीच्या कारखानदाराने यंत्रे रंगवून उरलेला डबा दिला. झेंडूसारखा केशरी-पिवळा, दाट, चकचकीत. मुलांना असाच रंग आवडतो म्हणून मी खूष. झडपेला एक हात दिलाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला फोटो दाखवला. त्याने झडप पाहिलीच नाही, विचारले, “डबा कुठला?”

झाले असे की, पिवळ्या आणि केशरी रंगांत पूर्वीपासून शिशाचे क्रोमेट वापरत आले आहेत, कारण तो रंग उन्हात फिका पडत नाही. तांबड्या रंगातही शिसे असू शकते. आपला शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग, आणि लोखंडाला गंज चढू नये म्हणून पूर्वी जे शेंदरी अस्तर देत त्यात तोच असे. आपल्या देशात २०१६ साली नियम झाले, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये असे ठरले. चांगला नियम आहे. पण त्याचे नाव नीट वाचा: घरगुती आणि शोभेचे रंग. कारखान्यात यंत्रांना, लोखंडी सांगाड्यांना लावायचे रंग त्यात येत नाहीत. म्हणजे वर्कशॉपमधून आणलेला डबा अगदी कालचा असला तरी तो मुलांच्या कपाटाला चालेल अशी हमी कोणी देत नाही. रंगाकडे पाहून, वास घेऊन किंवा चोळून शिसे ओळखता येत नाही.

आणि शिसे हे काही साधे प्रकरण नाही. रंग कालांतराने खडूसारखा सुटतो, झडप घासते तिथे त्याची धूळ पडते, ती मुलांच्या बोटांना लागते, आणि बोट तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे अंगात शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजते आणि हाडांत साठवते. त्याचा मार मेंदूवर बसतो: मूल शिकण्यात मागे पडते, चंचल होते, आणि गेलेली बुद्धी परत येत नाही. शिशाचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटनासुद्धा म्हणत नाही. पोरांनी वाचावे म्हणून केलेल्या फडताळाला मी हाच रंग लावत होतो.

मला पहिल्यांदा सुचले ते रंग घासून काढण्याचे. सहकाऱ्याने हात धरला. घासले की धूळ, जाळले की धूर. दोन्हींतून शिसे घरभर होते. मी ती झडप प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि डब्यासकट कारखान्यात परत दिली; त्यांच्याकडे घातक कचरा वेगळा जमा होतो. नवी झडप करायला दोन दिवस गेले. तुमच्या घरी जुने रंगवलेले लाकूड, जुनी खिडकी किंवा दाराची फळी असेल तर तिचे मुलांसाठी काही करू नका. कितीही चांगले सागवान असो.

म्हणून फळ्या उरलेल्या घ्याव्यात, रंग मात्र नवा आणावा. लहान डबा पुरतो. पाण्यात मिसळणारा, घरगुती वापराचा आणि डब्यावर शिसे नसल्याचे छापलेले असेल तो घ्यावा.

लावण्याआधी गाठी झाकाव्या लागतात. पाइनच्या गाठीतून राळ पाझरते आणि वर्षभरात रंगातून पिवळा डाग बाहेर येतो. त्यावर जुना उपाय लाखेचा आहे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून गाठीवर दोन वेळा फिरवावी. राळ आतच राहते. मग खिळ्यांची भोके लुकणाने बुजवावीत, काचकागद रेषांच्या दिशेने मारावा, अस्तराचा एक हात द्यावा, आणि तो पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात देऊ नये. वरून वाळतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो.

अस्तराला कंटाळू नका. सावंतवाडीची रंगीत खेळणी आणि गंजिफा तुम्ही पाहिल्या असतील. तिथले चितारी गंजिफाच्या कापडावर आधी चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे अस्तर चढवतात, ते घोटून गुळगुळीत करतात, आणि मग कुंचला हातात घेतात. रंग दिसतो, पण त्याला धरून ठेवणारे अस्तर दिसत नाही. म्हणून नवशिका तिथेच काटकसर करतो.

आमच्या फडताळाला मी गेरूसारखा तांबूस रंग दिला आणि झडप तशीच कोरी ठेवली. चित्रे शाळेतल्या मुलांनी काढली. पांढऱ्या रंगाने त्रिकोणांची माणसे, एक झाड, एक कोंबडी, आणि पुस्तक वाचणारी एक बाई. बहिणीचे म्हणणे ती बाई म्हणजे तीच.

बसवताना ते जमिनीवर ठेवले नाही. पाइनला वाळवी लगेच लागते, आणि उभे फडताळ मूल झडपेला लोंबकळले तर अंगावर येते. भिंतीला दोन लोखंडी कोन ठोकून त्यावर ते टेकवले, आणि पाठीतून स्क्रू घेऊन भिंतीला पक्के केले. भिंत आणि पाठ यांच्यात बोटभर जागा ठेवली, म्हणजे ओल धरत नाही. तळ जमिनीपासून फूटभर वर. वरचा खण पहिलीच्या मुलाच्या हाताला येतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. “दादा, झडप घासतेय. वरच्या कोपऱ्याला. शाळेचे शिपाईमामा म्हणतात, रंधा मारून देतो.” मी मिस्त्रींकडे धावलो. ते चहा पीत होते. त्यांनी विचारले, “घासते की अडकते?” घासते म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. “मग मेणबत्ती चोळायला सांगा कडेला. रंधा दिवाळीपर्यंत लावू नका. आत्ता लावलात तर जानेवारीत त्या फटीतून उंदीर जाईल.”

मेणबत्ती चोळली. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः पेठला गेलो तेव्हा झडप एका बोटाने उघडत होती, आणि वरच्या खणातली निम्मी पुस्तके जागेवर नव्हती. पोरांनी ती सुट्टीसाठी घरी नेली होती.